इच्छा नाही असे समजले

शाळेला शंभर वर्षं पुरी होत आली आणि तिचा इतिहास लिहायचं काम व्याकरणबाईंच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं त्या चारचौघांत सांगत, पण प्रिन्सिपल सिस्टरांनी विचारलं तेव्हा आढेवेढे घ्यायचं नाटक त्यांना दोन मिनिटंही जमलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या होत्या.

बाईंना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी गावात त्यांचा दरारा होता. त्यांनी अडतीस वर्षं एकाच शाळेत व्याकरण शिकवलं होतं. अर्ध्या गावाचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या हातून सुधारले होते आणि उरलेलं अर्धं गाव त्यांना बघून रस्ता बदलत होतं. औषधवाल्याने दुकानावर नवी पाटी लावली तेव्हा रंगाऱ्याला आधी बाईंकडे पाठवलं. पोस्टात नोकरीला असलेला नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा नगरपालिकेत, सून घरून टायपिंगची कामं करायची, नात त्याच शाळेत चौथीत. बाईंचं दुखणंखुपणं काही नव्हतं. माणसाला म्हातारपणी जेवढं समाधान असावं तेवढं त्यांना होतं, निदान बघणाऱ्याला तरी तसं वाटे.

शाळा चर्चच्या मागे, गल्लीच्या अगदी टोकाला. दगडी, दोन मजली, लांबलचक व्हरांड्याची. चॅपलच्या शेजारच्या अडगळीच्या खोलीत एक कपाट होतं आणि त्यात मठाची रोजनिशी होती. सात जाडजूड वह्या. शंभर वर्षं कुणी ना कुणी सिस्टर रोज संध्याकाळी त्यात दोन-चार ओळी लिहीत आली होती. बाई सकाळी दहाला जात, खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि टिपणं काढत.

पहिले तीन आठवडे कसे गेले ते त्यांना कळलंही नाही. चार सिस्टर एक शिवणयंत्र आणि पाट्यांचं एक खोकं घेऊन या गावात उतरल्या होत्या. पहिला वर्ग धान्याच्या कोठारात भरला. मुली अकरा, त्यांतल्या तिघींच्या कडेवर धाकटी भावंडं. पहिल्या वर्षी फादर स्वतः गाणं शिकवायचे, पण दोनच महिन्यांनी नोंद होती, 'गाण्याचा तास बंद केला. शेजाऱ्यांनी तक्रार केली. फादर नाराज.' बाई एकट्याच हसल्या आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे साथ आली, वर्गांचं इस्पितळ झालं. साथीत पोरक्या झालेल्या मुलींसाठी मागच्या अंगणात अनाथगृह उभं राहिलं आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय म्हणून त्याला लागून धुलाईघर. गावातल्या इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं तिथे धुतलं जाई. फी भरणाऱ्या मुलींचा गणवेश निळा, अनाथगृहातल्या मुलींचा करडा. दुपारपर्यंत निळ्या आणि करड्या एकाच वर्गात बसत. जेवणानंतर करड्या धुलाईघरात जात आणि निळ्या इतिहास-भूगोल शिकत.

चौथ्या वहीपर्यंत बाईंचा हात झरझर चालला. पाचवी त्यांनी बाजूला ठेवली. सहावी आधी वाचली, सातवीही वाचली. शाळेत मुलगे घ्यायला लागले ते वर्ष, अनाथगृह बंद झालं ते वर्ष, सगळं झालं. सूनबाईने टाइप केलेल्या पानांची चवड वाढली. मग एके दिवशी पाचवीखेरीज काही उरलंच नाही. तिच्यात काय लिहिलं असेल ते बाईंना ठाऊक नव्हतं. काय घडलं होतं ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

ती नोंद त्यांना अर्ध्या तासात सापडली. पंचावन्न वर्षांपूर्वीची, तेव्हाच्या मठप्रमुख मदरच्या टोकदार अक्षरात.

'अध्यापन महाविद्यालयाच्या एका मोफत जागेसाठी चाचणी घेतली. पहिली अनाथगृहाची मुलगी, दुसरी सुताराची. पहिलीला पाठवल्यास धुलाईघर अडेल. तिची जाण्याची इच्छा नाही असे समजले. सुताराच्या मुलीला पाठवण्याचे ठरले.'

सुताराची मुलगी म्हणजे व्याकरणबाई.

त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. 'समजले.' अडतीस वर्षं त्या फळ्यापाशी उभं राहून मुलींना विचारत आल्या होत्या, क्रियापद दिसलं की पहिला प्रश्न कुठला? मुली एका सुरात ओरडत, कर्ता कोण? या वाक्यात कर्ता कुठेच नव्हता. कुणाला समजलं ते उघड होतं. कुणी सांगितलं ते मदरने लिहिलं नव्हतं.

अनाथगृहाची ती पहिली मुलगी कुठे लांब गेली नव्हती. जाणार कुठे? अनाथगृह बंद झालं तरी धुलाईघराच्या मागच्या खोलीत ती राहत होती. आता तिथे इस्पितळाच्या चादरी येत नव्हत्या. वेदीची वस्त्रं, सिस्टरांचे झगे, हॉलचे पडदे, एवढंच. शाळेतली पोरं तिला इस्त्रीमावशी म्हणत. बाईही इस्त्रीमावशीच म्हणत, जरी ती त्यांच्यापेक्षा फक्त एका वर्षाने मोठी होती आणि सहा वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. अपूर्णांक बाईंना त्याच बाकावर समजले होते आणि ते कुठल्या शिक्षिकेने समजावले नव्हते.

नोकरीची बहुतेक वर्षं रोज सकाळी बाई धुलाईघराच्या खिडकीवरून वर्गावर जात. आतून आवाज येई, "बाई, बरंय ना?" बाई म्हणत, "बरंय मावशी, तुमचं?" तेवढंच. पावलं कधी थांबली नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं बाई मागच्या फाटकाने जात, म्हणजे खिडकी लागत नसे. मग ते फाटक बंद झालं आणि माणसाला कशाचीही सवय होते तशी त्यांना या खिडकीचीही झाली.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी लिहिलं, 'या वर्षी अनाथगृहातील एका गुणी विद्यार्थिनीची अध्यापन महाविद्यालयाची संधी हुकली व ती जागा दुसऱ्या विद्यार्थिनीस मिळाली.' सूनबाईने टाइप करून पान चवडीवर ठेवलं. वाक्य शुद्ध होतं. एखाद्या मुलीने निबंधात लिहिलं असतं तर बाईंनी बरोबरची खूण केली असती.

पण तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ते पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. दुसरी विद्यार्थिनी म्हणजे हा इतिहास लिहिणारी, असं स्वतःचं नाव घालून लिहिलं. मैत्रिणीवर अन्याय होतोय हे दिसत असूनही ती गप्प राहिली, असं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला. या वयात एवढं कोण लिहितं?

मग ते पान घेऊन त्या धुलाईघरात गेल्या. तिची परवानगी घ्यायला जातेय, असं त्यांनी सुनेला सांगितलं. खरं तर त्यांना मावशीच्या तोंडून 'जाऊ दे गं, किती जुनी गोष्ट' एवढंच ऐकायचं होतं.

दुपारची वेळ होती. खोलीत ओल्या कापडाचा आणि खळीचा वास. मावशी वेदीच्या लांब कापडाला इस्त्री करत होती. बाईंना दारात बघून तिने इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि एकुलती एक खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. इतिहासात एक पान तुमच्याबद्दल आहे, वाचून बघा, असं त्यांनी सांगितलं आणि कागद दिला.

मावशीने चष्मा लावला. खिडकीकडे तोंड करून तिने सगळं पान वाचलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाई उभ्याच होत्या.

"'गप्प राहिली' म्हणजे कोण?" मावशीने विचारलं.

"मी."

"तू गप्प कुठं राहिलीस?"

बाईंना आधी तो 'तू'च ऐकू आला. बाई शिक्षिका झाल्यापासून मावशी त्यांना 'तुम्ही' म्हणत आली होती.

"मदरने तुला ऑफिसात बोलावलं," मावशी शांतपणे म्हणाली. "दार अर्धं उघडं होतं. मी मदरच्या खोलीतल्या चादरी घेऊन बाहेर उभी होते. आत जावं की थांबावं कळेना म्हणून थांबले. मदर म्हणाली, तुझ्या मैत्रिणीला जायचंय का गं? तू म्हणालीस, नाही मदर. तिला इथंच राहायचंय. तिनेच मला सांगितलंय."

बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या की आपण असं म्हणालो नव्हतो. ती कधी तसं बोलली नाही, एवढंच म्हणालो होतो. त्यांना नीट आठवत होतं. पंचावन्न वर्षं तेच वाक्य त्यांनी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं.

"मी आदल्याच दिवशी तुला पिशवी दाखवली होती," मावशी म्हणाली. "कॉलेजात न्यायला फाटक्या चादरीची शिवलेली. आत कंपासपेटीसाठी कप्पा केला होता. जिन्याखाली दाखवली. आठवतंय?"

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"मग 'ती कधी बोलली नाही' असं तू कशी म्हणशील? तेवढं अर्धवट खोटं तुलाही पुरलं नसतं. म्हणून तू सरळ उलटंच सांगितलंस."

मावशीच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पोरीची बेरीज कुठे चुकली ते दाखवावं तशी ती बोलत होती. बाईंनी कसंबसं विचारलं की मग तेव्हाच आत येऊन का नाही सांगितलंस, नंतर तरी कुणाला का नाही बोललीस.

"कुणाला बोलू? मदरला? तिने मला विचारलंच नव्हतं. मी रोज तिथेच दहा पावलांवर कपडे धूत असायचे, तिला विचारायचं असतं तर हाक मारली असती. तिने तुला विचारलं. तिला जे ऐकायचं होतं ते तू सांगशील हे तिला ठाऊक होतं." मावशीने कागदाची घडी घालून तो परत दिला. "लिहायचं तर नीट लिही. नाहीतर नको लिहूस. मला काय, मी पंचावन्न वर्षं काढलीच की."

तिने इस्त्री उचलली, बोटाने पाणी शिंपडलं आणि कापडाच्या पुढच्या घडीला लागली.

बाई घरी आल्या त्या थेट आपल्या खोलीत गेल्या. आधी त्यांना संताप आला. म्हातारपणी माणसाला काहीबाही आठवतं, असं त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. पण पिशवी त्यांना आठवली होती. मावशीने शब्द उच्चारला तेव्हाच ती डोळ्यांपुढे आली होती, शिलाई उलट्या बाजूने घातलेली, तोंडाला नाडी. आणि पिशवीच्या मागोमाग सगळंच आलं. मदरच्या टेबलावरचा काचेचा वजनगोळा. आपल्या बुटांवर साचलेला भुसा, कारण त्या बापाच्या कारखान्यातून धावत आल्या होत्या. मदरने विचारल्यावर आपण एक क्षणसुद्धा थांबलो नाही, हेही आठवलं. शब्द जिभेवर तयार होते. रात्रभर घोकलेले असावेत तसे. 'तिनेच मला सांगितलंय' हे म्हणताना आपण मदरच्या डोळ्यांत बघितलं होतं, म्हणजे ते खरं वाटावं. आणि मदर हसली होती. सुटल्यासारखी.

त्यांनी तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणतात असं त्यांना आजवर वाटायचं.

तिसऱ्यांदा लिहिलेल्या पानात एकाही वाक्यातून कर्ता वगळलेला नव्हता. मदरने कुणाला विचारलं, कुणाला विचारलं नाही, सुताराच्या मुलीने काय सांगितलं, ते खोटं होतं हे तिला ठाऊक होतं, सगळं. दोघींचे चाचणीतले गुणही घातले, दोनशे अडुसष्ट आणि दोनशे एक्केचाळीस. पान टाइप करताना सूनबाईची बोटं मध्येच थांबली. तिने सासूकडे बघितलं नाही, पान पुरं केलं आणि चहा करायला उठून गेली.

संध्याकाळी मुलाने ते वाचलं.

"आई, हे कुणाला कळणार होतं?"

"तिला माहीत होतं."

"ती तर काही बोलली नाही ना एवढी वर्षं? मग तू का हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? पोर त्याच शाळेत आहे. तिला उद्या वर्गात कुणी विचारलं तर?"

बाई म्हणाल्या की विचारलं तर तिने खरं सांगावं. मुलगा त्यावर बराच वेळ बोलत राहिला. बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, असंही म्हणाला. बाबांना बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांना सांगायला एक संध्याकाळ मिळाली नाही, असं थोडंच होतं?

प्रिन्सिपल सिस्टर वयाने लहान, कामाला वाघ आणि स्वभावाने भिडस्त. पान वाचून त्यांचा चेहरा उतरला. समारंभाला बिशप येणार होते, जुने विद्यार्थी लांबलांबून येणार होते. हा इतिहास आहे बाई, पापनिवेदन नाही, त्यासाठी चॅपलमध्ये वेगळी जागा आहे, असं त्या हळूच म्हणाल्या. निदान नाव तरी काढू या. बाईंनी नाव काढायला नकार दिला. मग सिस्टरांनी खिडकीतून मागच्या अंगणातल्या धुलाईघराकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, तुमचं नाव राहणार असेल तर मदरचंही राहू दे आणि मठाचंही. धुलाईघर अडू नये म्हणून अशा आणखी किती मुली थांबवल्या, कुणास ठाऊक. पान छापायला गेलं.

इथवर बाईंना वाटत होतं की आता काय व्हायची ती शिक्षा होईल. लोक बोलतील, तोंडं फिरवतील. त्याची त्यांनी मनाशी तयारीही केली होती. समारंभाच्या सकाळी त्यांनी साधा करडा पोशाख घातला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. स्वयंसेवक मुलींनी त्यांना तिथून उठवून पहिल्या रांगेत नेलं. मावशी तिसऱ्या रांगेत होती, स्वयंपाकीण आणि माळी यांच्या मध्ये.

पुस्तक दाराशीच वाटलं होतं आणि कार्यक्रम सुरू व्हायला तास लागला, त्यामुळे लोकांनी ते पान वाचलं होतं. कुणीतरी कुणालातरी दाखवलं होतं. बाईंना मागे कुजबूज ऐकू येत होती. मग जुन्या विद्यार्थ्यांतर्फे एक डॉक्टरीणबाई बोलायला उभी राहिली, बाईंचीच विद्यार्थिनी, आता मोठ्या शहरात नाव कमावलेली. तिने पुस्तक उघडून दाखवलं. म्हणाली की आमच्या बाईंनी आम्हाला व्याकरण शिकवलं, पण आज त्यांनी आम्हाला त्याहून मोठा धडा दिला. एवढा प्रामाणिकपणा, एवढं धाडस, स्वतःची चूक अशी सगळ्यांपुढे मांडायला केवढं मोठं मन लागतं! आपण सगळ्यांनी उभं राहून त्यांना मानवंदना देऊ या.

आणि सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. बिशपही उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांना वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं की माझ्यासाठी नाही, मागे बघा, तिसऱ्या रांगेत बघा. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वळवून मागे बघितलं. मावशीही उभी होती. सगळे उभे राहिले म्हणून तीही राहिली होती आणि सगळे वाजवतायत म्हणून टाळ्या वाजवत होती. तिचं नाव त्या भाषणात एकदाही आलं नव्हतं. पुन्हा एकदा जागा एकच होती आणि ती पुन्हा व्याकरणबाईंनाच मिळाली होती.

समारंभ संपल्यावर लोकांनी त्यांना गराडा घातला. बाई, डोळ्यांत पाणी आलं. बाई, तुम्ही ग्रेट आहात. मुलगाही आता खुशीत होता. इतके दिवस आईशी धड न बोलणारा तो लोकांना अभिमानाने सांगत होता की आईचा स्वभावच असा, एकदम सरळ. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिवी दिली असती तर त्यांनी ती पोटाशी धरून ठेवली असती.

दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. गुरुवारी दुपारी धुलाईघरात गेल्या. या वेळी हातात कागद नव्हता. मावशी हॉलच्या पडद्यांवरचे समारंभाचे डाग काढत होती. बाई म्हणाल्या की त्या टाळ्यांबद्दल मला माफ कर. मग म्हणाल्या, सगळ्याबद्दलच माफ कर.

मावशीने ब्रश बादलीत टाकला.

"माफी मला द्यायची नाही," ती म्हणाली. "राग आहे म्हणून नव्हे. राग धरायला मला एवढा वेळ कुठं होता? पण मी 'माफ केलं' म्हणाले की तू घरी जाऊन शांत झोपशील, आणि विषय संपेल. तो माझा विषय आहे. तो मी नाही संपवणार."

बाईंनी मान हलवली. जावं की थांबावं त्यांना कळेना. मावशीने एकदाची ती खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बस. मला एक सांग. त्या कॉलेजात काय होतं? पहिल्यापासून सांग. गाडीतून उतरलीस तिथपासून."

बाई बसल्या आणि सांगू लागल्या. ही दोन वर्षं त्यांनी आजवर कुणालाच नीट सांगितली नव्हती. स्टेशनपासून वसतिगृहापर्यंतचा चढ. एका खोलीत सहा खाटा. ग्रंथालयात शिडी होती, चाकं लावलेली, आणि वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला मुली मुद्दाम तिच्यावर चढायच्या. मावशी पडदा घासता घासता मध्येच प्रश्न विचारी. शिडी किती उंच? पुस्तकं घरी न्यायला मिळायची का? एका वेळी किती? वर्गाला खिडक्या कुठल्या बाजूला? प्रत्येक उत्तराने बाईंची मान खाली जात होती, पण थांबायला जागा नव्हती. दोन वर्षं होती, ती सगळी सांगायची होती.

"आणि गणिताला कोण होतं?" मावशीने विचारलं. तिचा हात थांबला होता.

"एक म्हातारे मास्तर होते. बारीक, उंच. कोटाच्या बाह्या खडूने पांढऱ्या झालेल्या असायच्या. फळा भरला की ते बाजूच्या भिंतीवर लिहायचे."

"भिंतीवर?" मावशी हसली. या सगळ्यात पहिल्यांदाच हसली. "काय लिहायचे? काय शिकवायचे ते?"

बाईंनी आठवून बघितलं. मास्तरांचा खोकला आठवत होता. भिंतीवरचे आकडे आठवत होते, वरून खाली उतरत गेलेले, पण ते कशाचे होते ते नाही. गणितात त्यांचं डोकं कधी चाललंच नव्हतं. शेवटच्या बाकावर बसून त्या तास कधी संपतो याची वाट बघत. परीक्षेपुरतं पाठ करून पास झाल्या होत्या.

"मला नाही आठवत," त्या म्हणाल्या.

"थोडंसं? एखादं गणित?"

"नाही गं. मला तेव्हाही कळलं नव्हतं."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता, आणि बाईंना त्या बघण्यापुढे नजर वर करता येईना. जागा घेतली होती, दोन वर्षं घेतली होती, आणि तिथलं जे हिला हवं होतं नेमकं तेच त्यांनी शेवटच्या बाकावर सांडून दिलं होतं.

मावशीने ब्रश पुन्हा हातात घेतला. बरं, मग मराठीला कोण होतं ते सांग, असं ती म्हणाली. बाई सांगू लागल्या.